भाग २३ : हॅम्स्टरचा श्वास बिघडलाय, हे ओळखायचं कसं?

हा आपल्या पॉडकास्टच्या तेविसाव्या भागाचा लिखित मजकूर. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं त्यांच्यासाठी, आणि रात्री दोन वाजता पिंजऱ्यासमोर बसून घाईघाईनं काहीतरी शोधणाऱ्यांसाठी. बोलण्यातले 'म्हणजे', 'तर', 'अॅक्च्युअली' बरेचसे काढलेत. उरलेत ते सवयीचे समजा.

गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "दादा, आमचा हॅम्स्टर झोपेत टिकटिक असा आवाज करतो, नॉर्मल आहे का?" "याचं पोट खूप जोरात हलतंय, व्हिडिओ बघून सांगाल का?" मी व्हिडिओ बघून सांगत नाही, कारण मी प्राण्यांचा डॉक्टर नाही. मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि संध्याकाळी एका सीरियन हॅम्स्टरची चाकरी करतो. पण काय बघायचं, काय मोजायचं, कधी थांबायचं आणि कधी पळायचं, हे नक्की सांगू शकतो. आजचा भाग त्यासाठीच.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. पुस्तकातला 'नॉर्मल' आकडा तुमच्या फार उपयोगाचा नाही. तुमच्या हॅम्स्टरचा स्वतःचा नॉर्मल काय आहे, तो ठणठणीत असताना मोजून ठेवलेला हवा.

पुस्तकातला आकडा कामाचा का नाही?

मोठ्या माणसाचा श्वास आरामात बसल्यावर मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत सीरियन हॅम्स्टरसाठी दिलेली मर्यादा आहे मिनिटाला ३५ ते १३५. हृदयाचे ठोके २५० ते ५००. केवढी मोठी रेंज आहे बघा! एखाद्या सर्व्हरसाठी मी असा अलर्ट लावला, तर अख्खी सिस्टीम झोपेल तरी अलर्ट वाजणार नाही.

माझ्या हॅम्स्टरचं नाव लाडू. तो गाढ झोपेत असताना माझ्या नोंदींमध्ये बहुतेक वेळा पन्नाशीच्या आसपास असतो. उद्या तो झोपेतच ९५ वर गेला, तर पुस्तकाच्या हिशोबानं तो नॉर्मल आहे. त्याच्या स्वतःच्या हिशोबानं जवळजवळ दुप्पट झालाय, आणि मी लगेच डॉक्टरांना फोन लावीन. आकडा तोच, अर्थ पूर्ण वेगळा.

मोजायचं कसं? सोपं आहे, फक्त हॅम्स्टरला हात लावायचा नाही. हातात घेतलं की भीतीनंच श्वास वाढतो आणि मोजणी वाया जाते. तो झोपलेला असताना, कूस दिसत असेल तेव्हा, फोनवर तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. फ्लॅश बंद. मग तो व्हिडिओ निम्म्या वेगानं लावा आणि कूस किती वेळा वर येते ते मोजा. त्याची दुप्पट म्हणजे मिनिटाचा आकडा. आठवड्यातून एकदा हे करा आणि त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. तारीख, वजन, श्वास, खोलीचं तापमान. चार रकाने, बस्स. दोन मिनिटांचं काम आहे.

वजन का? कारण हॅम्स्टर हा शिकार होणारा प्राणी आहे. रानात आजारी दिसला तो पहिला उचलला जातो, त्यामुळे आजार लपवणं त्याच्या रक्तातच आहे. तो शेवटपर्यंत चाकावर धावेल, तुमच्या हातातून बी घेईल, गालाच्या पिशवीत भरेल आणि न खाता घरट्यात नेऊन टाकेल. तुम्हाला वाटेल, खातोय की! काटा मात्र खोटं बोलत नाही. १२० ग्रॅमच्या जिवाचे १० ग्रॅम जाणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचे पाच किलो जाणं.

नाक हाच एकुलता एक दरवाजा

आपल्याला सर्दी झाली की आपण तोंडानं श्वास घेतो. हॅम्स्टरला ही सोय जवळपास नाहीच. उंदीर, हॅम्स्टर अशा कृंतक प्राण्यांची रचना नाकानंच श्वास घेण्यासाठी झालेली आहे. म्हणून नाक चोंदणं ही आपल्यासाठी कटकट असते, त्याच्यासाठी ते संकट असतं. आणि म्हणूनच हॅम्स्टर तोंड उघडून, मान वर ताणून श्वास घेताना दिसला, तर तो शेवटच्या काही उपायांपैकी एक वापरतोय असं समजा. ती 'उद्या बघू'ची वेळ नाही.

आता आवाज. हॅम्स्टर मुळात शांत प्राणी. घाबरला, चिडला, दचकला तर चिरकतो. मग हा चिरकण्याचा आवाज आणि श्वासाचा आवाज वेगळा कसा काढायचा? ताल बघा. चिरकण्याला कारण असतं आणि ते थांबतं. श्वासाचा आवाज प्रत्येक श्वासाबरोबर येतो. कूस वर, टिक. कूस वर, टिक. असा कुशीच्या हालचालीला चिकटलेला टिकटिकाट, बारीक शिट्टी किंवा घरघर ऐकू आली, तर ती श्वासनलिकेची किंवा फुप्फुसाची तक्रार आहे.

शिंकेचंही तसंच. नवीन बेडिंग टाकलं, त्यानं त्यात सूर मारला आणि दोनतीन शिंका दिल्या, तर ती धूळ. दिवसभर शिंका, त्यात नाकाभोवती ओलं किंवा वाळलेलं काही, पुढचे पंजे चिकट (कारण तो पंज्यानंच नाक पुसतो), डोळे अर्धे मिटलेले, असं असेल तर तो संसर्ग असू शकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे श्वासामागची मेहनत. आकडा सारखाच असेल, पण कूस लोहाराच्या भात्यासारखी आत-बाहेर होत असेल, प्रत्येक श्वासाला अख्खं अंग हलत असेल, पाठ काढून आणि केस फुलवून तो कोपऱ्यात बसला असेल, तर त्याला श्वास घ्यायला कष्ट पडताहेत. आकड्यापेक्षा हे लक्षण मोठं.

कारणं : घरातली हवा आधी तपासा

ह्या प्राण्याचं मूळ घर लक्षात घेतलं की बरंच काही उलगडतं. १९३० मध्ये इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञानं सीरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात नेली. आज जगभरच्या घरांत असलेले बहुतेक सीरियन हॅम्स्टर त्याच कुटुंबाचे वंशज. कोरडा प्रदेश, जमिनीखाली खोल आणि थंड बीळ, ही त्यांची हवा. आणि आपण त्यांना ठेवतो कुठे? जुलैतल्या मुंबईत, जिथं चामड्याच्या पट्ट्यावरसुद्धा बुरशी येते. किंवा मे महिन्यातल्या नागपुरात.

म्हणून पहिला संशयित बेडिंग. सुतारकामाच्या वखारीतला भुसा स्वस्त पडतो, पण त्यात बारीक धूळ असते आणि लाकूड कुठलं ते कुणालाच माहीत नसतं. देवदार आणि कच्च्या पाइनच्या भुशातून उडणारे तेलकट घटक श्वासमार्गाला त्रास देतात. वास नसलेलं कागदी बेडिंग किंवा साधा, रंग-सुगंध नसलेला टिश्यू फाडून टाकलेला चालतो. पावसाळ्यात बेडिंगची उघडी पिशवी हवाबंद डब्यात ठेवा, आणि टाकण्यापूर्वी एकदा हुंगा. कुबट वास आला तर फेकून द्या.

दुसरा संशयित अमोनिया. हॅम्स्टर बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तो कोपरा एक-दोन दिवसाआड काढा. तुम्हाला उभ्यानं वास येत नसेल, पण त्याचं नाक त्या बेडिंगपासून एका बोटाच्या अंतरावर असतं. उलट, दर आठवड्याला सगळा पिंजरा धुऊन लख्ख करू नका. त्याचा स्वतःचा वास गेला की तो बिथरतो. काचेची टाकी किंवा प्लॅस्टिकचा डबा वापरत असाल, तर वर जाळीचं झाकण हवंच.

तिसरं, आपलं मराठी घर. मिरचीच्या फोडणीचा ठसका, सकाळची उदबत्ती, संध्याकाळचा धूप, रात्री मच्छर कॉइल, फरशीला फिनेल, दिवाळीत फटाके, होळीला कोरडा रंग. आपण खोकून मोकळे होतो. तो पिंजऱ्यातून उठून गॅलरीत जाऊ शकत नाही. देवघर आणि स्वयंपाकघर ज्या खोलीत नाही, ती खोली त्याची. एवढं केलंत तरी पुष्कळ.

आणि अंघोळीच्या नावाखाली मिळणारी पिठासारखी पावडर घेऊ नका. हॅम्स्टरला वाळू लागते, स्वच्छ, कोरडी, दाणेदार. पिठूळ पावडर उडते आणि सरळ फुप्फुसात जाते.

कारणं : संसर्ग, ऊन आणि हृदय

हवा ठीक आहे, तरीही श्वास बिघडलाय? मग तीन दिशा.

एक, जिवाणूंचा संसर्ग. पाश्चुरेला, स्ट्रेप्टोकोकस अशा जिवाणूंमुळे न्यूमोनिया होऊ शकतो. दुकानातून नुकतंच आणलेलं पिल्लू, प्रवासाचा ताण, एसीचा झोत किंवा वाऱ्याचा थेट मारा, अशा वेळी हे जास्त दिसतं. एवढ्याशा फुप्फुसात आजार वाढायला आठवडा लागत नाही. सकाळी शिंका आणि दुसऱ्या दिवशी धाप, असं होऊ शकतं.

इथं आणखी एक मुद्दा. आपल्याकडून त्यांना आणि त्यांच्याकडून आपल्याला काही आजार जाऊ शकतात. जानेवारी २०२२ मध्ये हाँगकाँगमध्ये पाळीव प्राण्यांच्या एका दुकानाशी जोडलेले कोविडचे रुग्ण सापडले, आयात केलेल्या हॅम्स्टरांमध्ये विषाणू मिळाला आणि सरकारनं सुमारे २००० लहान प्राणी मारायचा निर्णय घेतला. घाबरायला नाही, शहाणं व्हायला सांगतोय. तुम्हाला ताप-सर्दी असेल तर खाणंपिणं घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा. एकटे राहत असाल तर मास्क लावा, हात धुवा, आणि पप्पी घेणं बंद.

दोन, उष्णता. हॅम्स्टरला आपल्यासारखा घाम येत नाही. साधारण २० ते २४ अंश त्याला मानवतात. तिशीच्या पुढं लक्ष ठेवायला लागा. उन्हाचा तडाखा बसलेला हॅम्स्टर आडवा पसरतो, भराभर श्वास घेतो, सुस्त पडतो, उचलल्यावर गरम लागतो. त्याला लगेच गार खोलीत न्या, गार (बर्फाचं नाही) पाण्यात भिजवून पिळलेल्या कपड्यानं पाय आणि कान ओलावा, शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, आणि डॉक्टर गाठा. पिंजरा गॅलरीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. सकाळी सावली असते, चार वाजता भट्टी होते.

याची उलट बाजूही आहे. निफाडकडच्या थंडीसारख्या थंडीत हॅम्स्टर गारठून निपचित पडू शकतो. श्वास इतका मंद होतो की मेला असं वाटतं. घाईनं काही ठरवू नका. ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या आणि कुशीकडे काही मिनिटं टक लावून बघा.

तीन, हृदय. हे फार कमी लोकांना माहीत असतं. हॅम्स्टरचं आयुष्य दोन, फार तर तीन वर्षांचं. दीड वर्षानंतर तो म्हातारपणाकडे झुकतो, आणि म्हाताऱ्या सीरियन हॅम्स्टरमध्ये हृदयाचे स्नायू कमजोर होणं, हृदयाच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होणं हे बऱ्यापैकी आढळतं. ओळख अशी, की श्वास जलद, पण नाक कोरडं. शिंका नाहीत. पंजे किंवा नाक गुलाबी असायचं, ते निळसर दिसतं. चाकावर दोन फेऱ्या मारून थांबतो. इथं अँटिबायोटिकचा उपयोग नाही. डॉक्टर शरीरात साठलेलं पाणी कमी करणारं औषध देऊ शकतात. म्हणूनच 'श्वास जोरात चाललाय म्हणजे सर्दी' हा घरगुती निष्कर्ष धोक्याचा.

तीन पायऱ्या

सगळं डोक्यात राहणार नाही, म्हणून फ्रिजवर चिकटवण्याजोगं सांगतो.

१. घरी लक्ष ठेवा : अधूनमधून एखादी शिंक, नाक कोरडं, खाणं-वजन-झोप नेहमीसारखी. बेडिंग बदला, पिंजऱ्याची जागा बदला, रोज श्वास मोजा.

२. चोवीस तासांच्या आत डॉक्टर : वारंवार शिंका, नाक-डोळ्यांतून पाणी, श्वासाबरोबर येणारा आवाज, वजनात घट, झोपेतला श्वास नेहमीपेक्षा स्पष्टपणे वाढलेला.

३. आत्ता, या क्षणी : तोंड उघडून श्वास, भात्यासारखी कूस, निळसर पंजे, एका कुशीवर पडून राहणं, प्रतिसाद न देणं. रात्री तीन वाजता असेल तर तीन वाजता.

डॉक्टरकडे नेईपर्यंत

इथं आपलं प्रेमच नडतं. धाप लागलेल्या हॅम्स्टरला सारखं हातात घेणं, पाठ चोळणं, सगळ्यांनी भोवती गोळा होणं, यानं त्याला लागणारा ऑक्सिजन आणखी खर्च होतो. अनुभवी डॉक्टरसुद्धा अशा प्राण्याला आधी ऑक्सिजन देऊन स्थिर करतात, मग तपासतात. म्हणून एका लहान, हवेशीर डब्यात त्याच्याच घरट्यातलं थोडं बेडिंग घाला, चाक नको, पाण्याच्या बाटलीऐवजी काकडीचा एक तुकडा ठेवा, वरून पातळ कापड टाका म्हणजे अंधार राहील, पण हवा खेळती राहू द्या. दुचाकीवर वाऱ्यात नेण्यापेक्षा रिक्षा बरी.

सोबत तुमची नोंदवही आणि व्हिडिओ न्या. तिथं पोचल्यावर तो भीतीनं गोठून बसतो आणि लक्षणं लपवतो. तुमचा व्हिडिओ आवाजासकट सगळं दाखवतो.

काय करू नका, ते तर आणखी महत्त्वाचं.

बाम, कापूर, निलगिरी काहीही लावू नका. गरम पाण्याची वाफ देऊ नका. सिरिंजनं पाणी किंवा पेज तोंडात ढकलू नका, धाप लागलेली असताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आणि घरातली उरलेली अँटिबायोटिक कधीही, कितीही थोडी, देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही आपल्या ओळखीची नावं हॅम्स्टरसाठी जीवघेणी ठरू शकतात. त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, त्यांची जागा विष तयार करणारे जिवाणू घेतात, आणि श्वासाच्या आजारातून कदाचित वाचला असता तो जीव जुलाबानं जातो. डॉक्टर देतात ती औषधं वेगळी असतात आणि मात्रा ग्रॅममधल्या वजनावर ठरते. पुन्हा आला की नाही तो काटा?

डॉक्टर शोधायचा कधी?

आज. आजारी पडल्यावर नाही. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच दवाखान्यांत हॅम्स्टर तपासत नाहीत. फोन करून सरळ विचारा, "तुमच्याकडे एक्झॉटिक प्राणी बघतात का? हॅम्स्टरला ऑक्सिजन द्यायची सोय आहे का? रात्री कुणाला फोन करायचा?" शहरात कुणी सापडत नसेल तर परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथं पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. जवळच्या ठिकाणी चौकशी करा. दोन नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आता तो प्रश्न, जो कुणी मोठ्यानं विचारत नाही. हॅम्स्टर आला काही शे रुपयांना, आणि एका व्हिजिटला त्याहून जास्त पैसे जातात. घरातलं मोठं माणूस म्हणतं, "अरे, उंदरासाठी एवढा खर्च? त्यात नवीन येईल." मी त्यांच्याशी भांडत नाही, त्यांचा हिशोब दुकानाचा आहे. पण आपण त्याला त्याच्या बिळातून काढून आपल्या हवेत आणलंय. ती हवा चांगली ठेवणं आणि ती कमी पडली तर मदत आणणं, हे त्या काही शे रुपयांतच आलं होतं. ज्याला हे परवडणारच नाही त्यानं हॅम्स्टर घेऊ नये, यात कमीपणा काही नाही. आणि घेतलाच असेल, तर दर महिन्याला थोडे पैसे त्याच्या नावानं बाजूला टाका.

कधीकधी डॉक्टर तपासून सांगतात, की आता यात फक्त यातना उरल्यात. तेव्हा दयामरणाबद्दल विचारायला संकोच करू नका. श्वासासाठी रात्रभर झगडत ठेवणं म्हणजे प्रेम नव्हे.

तर, आज रात्री एवढंच करा. तो झोपलेला असताना तीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, मोजा, लिहून ठेवा. तो ठणठणीत आहे म्हणूनच आज मोजा. पुढच्या भागात दात आणि गालाच्या पिशव्यांबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, त्याची आणि स्वतःचीही.